रविवारीच बंद पडणारी गाडी: नौपाड्यातल्या एका मारुती ८००च्या वीजगळतीचा शोध

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या आवारात बाबांची मारुती ८०० उभी असते. बाबांनी ती २००६ मध्ये, निवृत्तीच्या वर्षी, नवी घेतली. २०२१ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्यांनी गाडीची रीतसर तपासणी करून नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले. तिच्या तेलपाण्याची, खर्चाची आणि दुरुस्तीची नोंद ते पहिल्या दिवसापासून एका लांबट वहीत ठेवत आले आहेत. मी रोज लोकलने मुंबईला जातो आणि बाबांचे वय आता शहात्तर आहे, त्यामुळे सोमवार ते शनिवार गाडी जागची हलत नाही. रविवारी आम्ही दोघे तिला उपवन तलावापर्यंत किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या आत्याकडे नेतो. पुढे जे घडले ते समजण्यासाठी गाडीच्या वापराचा हा क्रम लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

२०२४ च्या जुलैमधल्या एका रविवारी सकाळी चावी फिरवली तेव्हा सेल्फ फक्त ‘टक’ असा एकदा वाजला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंदावले. बॅटरी तीन वर्षांची झालेली होती. आपल्याकडच्या उष्ण हवेत कारची बॅटरी तीन-चार वर्षांत दमते, म्हणून ती बदलण्यात आम्हाला काहीच गैर वाटले नाही आणि आजही वाटत नाही. नवी पस्तीस अँपिअर-अवर क्षमतेची (म्हणजे एक अँपिअर प्रवाह पस्तीस तास पुरवू शकेल अशी) बॅटरी बसली आणि गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. पुढचे पाच आठवडे तक्रार नव्हती, कारण नेमक्या त्याच काळात बाबांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आणि नंतरच्या तपासण्यांमुळे मी घरून काम करत होतो आणि गाडी जवळजवळ रोज बाहेर निघत होती. त्यामुळे खरा दोष झाकला गेला. ऑगस्टच्या अखेरीस माझे लोकलचे फेरे पुन्हा सुरू झाले, गाडी आठवडाभर उभी राहू लागली आणि दुसऱ्याच रविवारी नवी बॅटरी पूर्ण उतरलेली सापडली.

बॅटरीच्या दुकानदाराने ती रात्रभर चार्जिंगला लावली, दुसऱ्या दिवशी लोड टेस्टर लावून पाहिली आणि बॅटरी निर्दोष असल्याचे सांगितले. त्याचे म्हणणे बरोबर होते. त्यानंतर वागळे इस्टेटमधल्या एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला आम्ही घरी बोलावले. त्यांनी इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजले. ते १४.१ होते, म्हणजे डायनमो चार्जिंग करत होता. (आपल्याकडे गॅरेजमध्ये अल्टरनेटरला अजूनही डायनमोच म्हणतात, आणि मीही इथे तसेच म्हणणार आहे.) मग इंजिन बंद करून त्यांनी निगेटिव्ह टर्मिनल सोडवले, केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये इंडिकेटरचा एक बल्ब जोडला आणि तो पेटत नाही हे आम्हाला दाखवले. “लीकेज नाही काका,” ते बाबांना म्हणाले, “गाडी जुनी झाली. रोज सकाळी पाच मिनिटं सुरू करून ठेवत जा.”

यातले पहिले वाक्य पद्धतीमुळे चुकले होते. इंडिकेटरचा बल्ब एकवीस वॉटचा असतो आणि पूर्ण प्रकाशाने जळताना तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. पाव ते अर्ध्या अँपिअरची गळती त्याच्यातून गेली, तर तार नीट तापतसुद्धा नाही, आणि दिवसाउजेडी डोळ्यांना काहीच दिसत नाही. वायरिंग कुठेतरी बॉडीला सरळ चिकटली असेल तर ही चाचणी उत्तम आहे. परंतु आठवडाभर हळूहळू बॅटरी पिणारी गळती तिच्या पकडीत येत नाही. त्या गृहस्थांनी हयगय केली असे मी म्हणणार नाही, कारण रोज धावणाऱ्या टॅक्सी आणि टेम्पो दुरुस्त करणाऱ्याला एवढ्या लहान गळतीशी सहसा गाठच पडत नाही.

शेवटच्या वाक्यातला सल्ला फार प्रचलित आहे, म्हणून त्याच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद शंभर-दीडशे अँपिअर प्रवाह जातो, पण वेळ इतका थोडा असतो की खर्च जेमतेम एक दशांश अँपिअर-अवर होतो. पाच मिनिटांत तेवढा खर्च भरून निघतो, परंतु चोवीस तासांत झिरपून गेलेले आठ अँपिअर-अवर भरून निघत नाहीत, कारण इंजिन जागेवर मंद गतीने फिरत असताना डायनमोची पुली सावकाश फिरते आणि तो आपल्या क्षमतेच्या बराच खाली काम करतो. शिवाय इंजिन पुरते तापण्याआधीच बंद केले, तर जळणातून तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये राहते. ठाण्याच्या पावसाळ्यात हे रोज करणे म्हणजे सायलेन्सर आतून गंजवणे होय. बाबांनी हा सल्ला चार दिवस पाळला आणि पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली नाही.

त्यानंतर आम्ही काहीही विकत न घेता आधी मोजायचे ठरवले. माझ्याकडे बाजारात सर्रास मिळणारा पिवळा डिजिटल मल्टिमीटर होता, आणि बाबांकडे वही होती.

पहिला प्रश्न असा होता की दोष बॅटरीत आहे की गाडीत. त्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज करून घेतली, गाडीत बसवली, परंतु निगेटिव्ह केबल न जोडता बाजूला कापडात गुंडाळून ठेवली. सोमवारी सकाळी लोकलला निघण्यापूर्वी मी व्होल्टेज घेतले ते १२.६६ होते. बाबांनी रोज सकाळी सात वाजता खाली जाऊन आकडा घ्यायचा असे ठरले, आणि त्यांनी तो वहीत पेट्रोलच्या रकान्याशेजारी टिपला. शनिवारी आकडा १२.६१ होता. शिसे-आम्लाच्या बॅटरीत १२.६ च्या वरचा आकडा पूर्ण चार्ज दाखवतो, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२.० म्हणजे पाव उरलेली. म्हणजेच बॅटरीने सहा दिवसांत स्वतःहून जवळजवळ काहीच गमावले नव्हते.

दुसऱ्या आठवड्यात केबल जोडून तोच प्रयोग केला. सोमवारी १२.६४, मंगळवारी १२.४६, बुधवारी १२.२४, गुरुवारी १२.०२. गुरुवारी संध्याकाळी मी प्रयोग थांबवला आणि बॅटरी लगेच चार्जिंगला लावली, कारण कारची बॅटरी थोड्या वेळात मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, आणि ती वारंवार तळापर्यंत उतरली किंवा उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर प्लेटांवर लेड सल्फेटचा कठीण थर जमतो आणि तिची क्षमता कायमची घटते. उघड आहे की नव्या बॅटरीचे आयुष्य आम्ही त्या दोन महिन्यांत बरेच कमी केले होते.

तरीही चार आकडे पुरेसे होते. रोज सुमारे एक चतुर्थांश चार्ज जात होता, म्हणजे पस्तीसपैकी आठ अँपिअर-अवर. त्याला चोवीसने भागले की एक तृतीयांश अँपिअर येतो. म्हणून मोजताना साधारण ०.३ ते ०.४ अँपिअरची गळती दिसली पाहिजे, असा अंदाज आम्ही आधीच वहीत लिहून ठेवला.

रविवारी सकाळी गाडी थंड असताना प्रत्यक्ष प्रवाह मोजला. ही कृती घरी करता येते, पण तिचे नियम कडक आहेत. मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या छिद्रात घालावी लागते आणि त्या छिद्राला स्वस्त मीटरमध्ये बहुधा फ्यूज नसतो, त्यामुळे मीटर मालिकेत, म्हणजे केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये, जोडलेला असताना कोणीही चावी फिरवली किंवा हेडलाइट लावले तर मीटर जळतो. चावी आम्ही घरातच ठेवली. दहा नंबरच्या पान्याने फक्त निगेटिव्ह टर्मिनल सोडवले. निगेटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, परंतु पॉझिटिव्ह सोडवताना लागला तर मोठी ठिणगी उडते आणि चार्जिंगनंतर बॅटरीतून निघालेला हायड्रोजन जवळपास असू शकतो. बाबांना बोटातली अंगठी काढायला सांगितली, ती त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा उघडा ठेवून त्याचे बटण चिकटपट्टीने दाबून धरले, नाहीतर केबिनचा दिवाच गळती म्हणून मोजला गेला असता.

मीटरवर ०.३४ हा आकडा आला. बाबांनी वहीतल्या अंदाजासमोर तो लिहिला आणि खाली रेघ मारली.

कोणत्याही गाडीत थोडा प्रवाह सतत जातोच, कारण घड्याळ, इंजिनच्या कंट्रोल युनिटची स्मृती आणि सेंट्रल लॉक यांना तो लागतो. आमच्यासारख्या साध्या गाडीत वीस-तीस मिलिअँपिअर स्वाभाविक समजावेत, आणि पन्नासच्या पुढे गेले की शोध घ्यावा. इथे तीनशे चाळीस होते. डॅशबोर्डखालच्या फ्यूजच्या डबीतला एकेक फ्यूज उपटायचा, मीटरकडे पाहायचे आणि परत लावायचा, असा क्रम सुरू केला. चौथ्या फ्यूजला आकडा ०.२५ वर उतरला. तो म्युझिक सिस्टिमचा होता. सिस्टिम बाहेर ओढल्यावर कारण उघड झाले. अशा सिस्टिमची पिवळी वायर कायम बॅटरीवर आणि लाल वायर चावीवरून यायला हवी, पण इथे दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळली होती, आणि टेपचा गोंद उन्हाने वितळून बोटांना चिकटत होता. बाबा म्हणाले, “हे मीच करून घेतलं होतं. तुझी आई बाजारात असताना मला गाडीत बसून गाणी ऐकायची असायची, चावी लावून ठेवायचा कंटाळा यायचा.” लाल वायर आम्ही चावीच्या पहिल्या खाचेवर नेली, म्हणजे आता चावी अर्धी फिरवून गाणी ऐकता येतात.

इथे आम्ही घाई केली, आणि ही चूक नोंदवणे मला महत्त्वाचे वाटते. दोष सापडला या आनंदात उरलेल्या ०.२५ कडे मी पुरेसे पाहिले नाही. कारण डोळ्यांनी दिसले होते, हातांनी दुरुस्त झाले होते, आणि तेवढ्यावर समाधान झाले. आकडे काय सांगत होते? पाव अँपिअर म्हणजे दिवसाला सहा आणि सहा दिवसांत छत्तीस अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीच्या संपूर्ण क्षमतेइतके. हे गणित शनिवारी रात्री केले, आणि रविवारी सकाळी गाडीने तेच उत्तर दिले.

पुढच्या फेरीत सगळे फ्यूज एकदम उपटून बाहेर ठेवले. आकडा ०.२३ वर थांबला, त्याखाली जाईना. फ्यूजच्या डबीतून जाणारे एकही मंडल (सर्किट) जोडलेले नसताना प्रवाह चालू आहे, याचा अर्थ तो डबीच्या आधीच फुटून जात होता, आणि डबीला वगळून बॅटरीपासून जाड वायरीने थेट जोडलेल्या वस्तू दोनच असतात, सेल्फ आणि डायनमो. सेल्फमध्ये एवढी लहान गळती होणे फारसे संभवत नाही. डायनमोच्या मागचे, रबरी टोपीखालचे बी टोक, म्हणजे बॅटरीकडून येणारी जाड वायर जोडतात ते टोक, सोडवून टेपने गुंडाळले, तेव्हा मीटर शून्यावर आला. सगळे फ्यूज परत लावल्यानंतरही आकडा फक्त ०.०२ झाला.

पण डायनमो तर १४.१ व्होल्ट देत होता! तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी, जे वीज क्षेत्रातून निवृत्त झाले आहेत, त्यांनी आणखी एक चाचणी सुचवली: इंजिन चालू असताना बॅटरीवर एसी व्होल्टेज मोजायचे, कारण डायनमोतला डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) बिघडला की डीसी प्रवाहात एसीचे तरंग मिसळतात. माझ्या मीटरने एसीवर एकतीस व्होल्ट दाखवले आणि मी क्षणभर घाबरलो. शेजाऱ्यांनी समजावले की स्वस्त मीटर एसी मापनात डीसी अडवत नाही, फक्त एका दिशेचा प्रवाह पकडून त्याला सव्वादोनच्या आसपास गुणतो, त्यामुळे चौदाचे एकतीस होतात, आणि वायरी उलट धरल्या की शून्य. त्यांच्या चांगल्या मीटरवर ०.०४ व्होल्ट आले, म्हणजे तरंगही नगण्य होते. अर्थात ही चाचणीही निर्दोष आली, आणि तसे येणे स्वाभाविकच होते. डायनमो पंचवीस-तीस अँपिअर देत असताना त्यातला पाव अँपिअर उलटा झिरपला, तर तो व्होल्टेजमध्येही दिसत नाही आणि तरंगांतही दिसत नाही. तो फक्त गाडी उभी असताना दिसतो.

डायनमोच्या आत काय होत असते, हे थोडक्यात असे. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, तीन गुंडाळ्यांत एसी निर्माण होतो आणि सहा डायोड त्याचा डीसी करतात. डायोड म्हणजे एका दिशेची झडप. इंजिन बंद असताना बॅटरीचा प्रवाह उलट डायनमोत शिरू नये, हे कामही तेच करतात. आमच्या डायनमोत पॉझिटिव्ह बाजूचा एक डायोड पूर्ण निकामी झाला नव्हता, परंतु त्याची झडप घट्ट मिटत नव्हती. त्यातून झिरपलेला प्रवाह आतल्या छोट्या डायोडांवरून फील्डच्या गुंडाळीत (रोटरला, म्हणजे फिरणाऱ्या भागाला, चुंबक बनवणाऱ्या गुंडाळीत) आणि तिथून रेग्युलेटरमार्गे बॉडीला जात होता. याची खूण हाताला जाणवली. बी टोक परत जोडून पान्याचे टोक डायनमोच्या मागच्या बेअरिंगजवळ नेले की हलकीशी ओढ लागायची, आणि बी टोक सोडवले की जवळजवळ नाहीशी व्हायची. इंजिन बंद, चावी घरात, आणि तरीही रोटर चुंबक झालेला! बाबांनी तो पाना दोन-तीनदा जवळ नेऊन पाहिला.

आणखी एक निरीक्षण इथेच नोंदवतो. घोडबंदरहून परत आल्यावर, इंजिन गरम असताना लगेच मोजलेली गळती ०.४१ होती. तापलेल्या डायोडची उलट गळती वाढते. सकाळी थंड गाडीवर केलेल्या चाचणीत ही गळती नेहमीच सर्वांत कमी दिसणार.

डायनमो आम्ही घरीच उतरवला. निगेटिव्ह केबल आधी सोडवली, वायरींचा मोबाइलवर फोटो काढला, ताण देणारा बोल्ट सैल करून पट्टा काढला आणि डायनमो खालून बाहेर घेतला. तो उघडून डायोडची प्लेट बदलण्याचे काम मात्र एका रिवाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडे दिले, कारण स्टेटरच्या तीन तारांचा झाळ सोडवणे आणि पुन्हा पक्का घालणे याला मोठा सोल्डरिंग आयर्न आणि सराव दोन्ही लागतात. त्यांनी आमच्यासमोरच झाळ सोडवून प्रत्येक डायोड दोन्ही दिशांनी मोजला. पाच डायोडांवर उलट दिशेने मीटर ‘१’ दाखवत होता, म्हणजे रस्ता बंद. सहाव्यावर लहानसा आकडा येत होता. प्लेट, नवे कार्बन, एक बेअरिंग आणि मजुरी मिळून दीड हजार रुपये झाले, तर पूर्ण डायनमो बदलण्याचा आम्हाला सांगितलेला खर्च साडेपाच हजार होता. मारुती ८००चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले असले, तरी १९८३ पासून तीस वर्षे ती इतक्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आली की तिचे असे सुटे भाग अजून सहज मिळतात, आणि घरी जुनी गाडी सांभाळणाऱ्याला याचा मोठा आधार आहे.

परत बसवताना पट्ट्याचा ताण नीट ठेवला: अंगठ्याने जोर देऊन दाबला की अर्धा-पाऊण सेंटीमीटर खाली जाईल इतका. सैल राहिला तर चार्जिंग कमी होते, आणि हाच पट्टा वॉटर पंपही फिरवतो, त्यामुळे इंजिन तापण्याचा धोका येतो. जास्त ताणला तर नवे बेअरिंग लवकर जाते.

डायोड बिघडला कशाने, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. जुलैमध्ये बॅटरी उतरली तेव्हा जंप लावायला आलेल्या मुलाने डायनमो चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढले होते, आणि इंजिन चालूच राहिले म्हणून डायनमो चांगला असल्याचे सांगितले होते. ही पद्धत पूर्वीच्या काळापासून चालत आली आहे आणि ती सोडून दिली पाहिजे. बॅटरी डायनमोच्या व्होल्टेजला धरून ठेवते. ती भर प्रवाहात तोडली की व्होल्टेज क्षणभर चौदाच्या कित्येक पट उसळते, आणि तो झटका डायोड, रेग्युलेटर आणि इंजिनचे कंट्रोल युनिट या सर्वांना बसतो. आमच्या बाबतीत फक्त एका डायोडवर निभावले. चार्जिंग तपासायचे असेल तर व्होल्टमीटर पुरतो, आणि तो त्या टर्मिनल काढणाऱ्या मुलाच्या खिशातही होता.

दुरुस्तीनंतर तोच सहा दिवसांचा प्रयोग तिसऱ्यांदा केला, केबल जोडलेली ठेवून. सोमवारी १२.६५, शनिवारी १२.५७. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर, म्हणजे मीटरने सांगितलेल्या ०.०२ शी जुळणारा खर्च. रविवारी गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, आणि भर पावसात वायपर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू असल्याने उपवनऐवजी आम्ही तिला मुद्दाम घोडबंदर रस्त्याने लांब नेऊन आणले, कारण इतके सगळे चालू असताना चार-पाच किलोमीटरच्या फेरीत आठवड्याचा खर्च भरून निघत नाही.

आता बाबा दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी व्होल्टेज घेतात. पेट्रोल आणि ऑइल यांच्यामध्ये त्यांनी पट्टीने आखून एक नवा रकाना केला आहे. त्यातला सर्वांत खालचा आकडा आतापर्यंत १२.५५ आहे.